तीन शिट्ट्या आणि एक पियानो

आमच्या घरात कोलन हे शहर पहिल्यांदा आलं ते बाटलीतून. ताप चढला की आई कपाळावर यूडीकोलनच्या पट्ट्या ठेवायची आणि पट्टीखालचा माणूस कण्हायचा. त्यामुळे कोलन आणि कण्हणं यांचं नातं माझ्या डोक्यात लहानपणीच पक्कं बसलं. पुढे 1984 साली गिरगावातल्या माझ्या मित्राने मला एक कॅसेट दिली. तिच्यावर बॉलपेनने ‘कोलन, पियानो’ एवढंच लिहिलेलं होतं. घरी येऊन लावली, आणि थोड्या वेळाने त्या पियानोच्या मागून एक माणूस कण्हायला लागला. मला अजिबात नवल वाटलं नाही.

कण्हणाऱ्या माणसाचं नाव कीथ जॅरेट. पेनसिल्व्हेनियातला, 1945 चा जन्म. 24 जानेवारी 1975 च्या रात्री कोलनच्या ऑपेरा हाउसमध्ये त्याने एकट्याने पियानो वाजवला. समोर कागद नाही, साथीला कोणी नाही, काय वाजवायचं ते आधी ठरवलेलं नाही. बसला आणि सुचत गेलं तसं वाजवत गेला, मध्यंतर धरून तासाभराच्या वर. म्युनिकच्या ईसीएम कंपनीने त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच्या दोन तबकड्या काढल्या. पांढरं वेष्टण, त्यावर मान खाली घातलेला, केसांचं टोपलं झालेला जॅरेट. नाव सरळसोट, ‘द कोलन कॉन्सर्ट’. एकट्याने वाजवलेल्या पियानोची एवढी खपलेली रेकॉर्ड दुसरी नाही. 35 ते 40 लाख प्रती गेल्या म्हणतात. याचा अर्थ जगात निदान 35 लाख घरं अशी आहेत, की जिथे आतल्या खोलीतून कोणीतरी ओरडून विचारलेलं आहे, “कोण कण्हतंय तिकडे?”

आमच्याकडे हा प्रश्न लग्नानंतर पंधराव्या दिवशी आला. “अहो, त्या माणसाला काही दुखतंय का?” मी भक्ताला शोभेल अशा तुच्छतेने हसलो आणि म्हणालो, “दुखत नाहीये. तो सुरांत बुडालाय.” पुढे कधीतरी मी वाचलं की त्या रात्री जॅरेटची पाठ खरोखरच भयंकर दुखत होती आणि तो कमरेला पट्टा बांधून वाजवायला बसला होता. प्रामाणिक माणूस असल्यामुळे मी हे बायकोला सांगितलं. ही चूक मला आजतागायत भोवते आहे. आता माझ्या कुठल्याही मताला “तसंच ना, कोलनच्या पाठीसारखं?” एवढं एकच उत्तर पुरतं.

या रेकॉर्डचा भक्त ओळखायची पहिली खूण म्हणजे तो ती लगेच लावत नाही. तबकडी हातात, सुई अधांतरी, आणि म्हणतो, “थांब, आधी गोष्ट ऐक.” आपल्या कीर्तनात पूर्वरंगात निरूपण होतं आणि मग उत्तररंगात आख्यान लागतं. इथे क्रम उलटा. आख्यान आधी, तेही उभ्याने, आणि ते संपल्याशिवाय बुवा सुई टेकवत नाहीत.

आख्यान असं. व्हेरा ब्रांडेस नावाची अठरा वर्षांची मुलगी. त्या वयात आमची पोरं गणपतीच्या मंडपात लाउडस्पीकरच्या वायरी ओढत असतात. हिने ऑपेरा हाउस घेतलं, सुमारे 1,400 माणसं जमवली. तिकीट चार मार्क. ऑपेरावाल्यांनी वेळ दिली रात्री साडेअकराची, कारण त्याआधी त्यांचा स्वतःचा ऑपेरा होता. जॅरेट स्वित्झर्लंडहून निघाला, तो रेनो-4 गाडीत. ही गाडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी जुनी फियाट डोळ्यांपुढे आणावी आणि तिच्यातून थोडा आराम वजा करावा. पाचशेच्या वर किलोमीटर, पाठ दुखतेय, रात्रीची झोप नाही, सोबत ईसीएमचा मालक मानफ्रेड आयशर. संध्याकाळी दोघं स्टेजवर जाऊन बघतात, तर पियानो भलताच.

इथे बुवा पॉज घेतात.

मागितला होता ब्योझेनडॉर्फर इम्पीरियल. व्हिएन्नाचं घराणं, साडेनऊ फूट लांबी, आणि नेहमीच्या पियानोला 88 पट्ट्या असतात तिथे याला 97. स्टेजवर उभा होता तो त्याच घराण्यातला, पण धाकट्या पातीचा. तालमीला वापरायचा. बेसूर. वरचे सूर पत्र्याच्या डब्यावर टिचकी मारल्यासारखे, खर्जात दम नाही, मधल्या काही काळ्या पट्ट्या दाबल्या की वर यायला कुरकुर करणार, पेडल नीट चालत नाही. लग्नात घोडा ठरवावा आणि वरातीच्या वेळी दारात पाण्याच्या गाड्याचा बैल यावा, तसला प्रकार. जॅरेट म्हणाला, मी वाजवत नाही. आणि जाऊन गाडीत बसला.

बाहेर पाऊस. ती मुलगी पावसात गाडीपाशी उभी. बुवांचा आवाज आता इतका खाली येतो की पुढे सरकून ऐकावं लागतं. तिने त्याला नेमकं काय सांगितलं, याच्या जितके कथेकरी तितक्या प्रती आहेत. माझ्या गिरगावच्या मित्राच्या आख्यानात ती रडते. पुण्याच्या एका गृहस्थांच्या आख्यानात ती त्याला चार शब्द सुनावते. काही असो, तो उतरला. पियानो जुळवणाऱ्याने आपल्या मुलाला हाताशी घेऊन कित्येक तास खटपट केली आणि वाद्य निदान माणसांत आणलं. मधल्या वेळात जॅरेट इटालियन खाणावळीत जेवायला गेला, तिथे ताट इतकं उशिरा आलं की दोन-चार घास कोंबून उठावं लागलं. म्हणजे हिशेब करा: झोप नाही, पोटात नाही, पाठ नाही आणि पियानोही नाही. अशा अवस्थेत माणूस आपल्याकडे फक्त रजेचा अर्ज लिहितो.

ही गोष्ट खरी आहे आणि भक्तांनी तिला आपापल्या परीने आणखी खरी केली आहे. मी 1984 मध्ये ऐकली तेव्हा पियानो नुसता बेसूर होता. नव्वदीत त्याचं पेडल तुटलं. पुढे काही पट्ट्या गळून पडल्या. अलीकडे एका लग्नात जेवणाच्या पंक्तीत ती पुन्हा कानावर आली, तर सांगणारा म्हणाला, “अहो, त्या पियानोला पाय तीनच होते!” मी म्हटलं, “अहो, पियानोला पाय तीनच असतात.” त्याने माझ्याकडे श्रद्धाहीन माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि जिलबीवाल्याला हाक मारली.

एकदाची सुई टेकते. आणि पहिल्याच क्षणी, अगदी पहिल्या काही सुरांवर, कान देऊन ऐकलं तर श्रोत्यांत कोणीतरी हसल्याचं ऐकू येतं. कारण जॅरेटने सुरुवातीलाच ऑपेरा हाउसची घंटा वाजवली होती. मध्यंतर संपलं, आपापल्या जागी बसा, हे सांगायला तिथे जी धून वाजते ती त्याने पियानोवर उचलली. पांढरी पाचचा सा धरला तर सा-प-म-सा-रे. लोकांनी ती नुकतीच बाहेर ऐकलेली, त्यामुळे खसखस पिकली. आमच्या एखाद्या गवयाने मंचावर बसून नाट्यगृहाच्या तिसऱ्या घंटेवरच आलाप सुरू करावा, तसं झालं. ते पाच सूर तसे बिनमोलाचे; दाराशी टांगलेले. त्यांतून त्याने 26 मिनिटांचा पहिला भाग उभा केला.

तो उभा कसा केला, तर मोडक्या पियानोच्या कलाने घेत. वरचे सूर पत्र्याचे, म्हणून बराच वेळ मधल्या सप्तकात राहिला. खर्जात दम नाही, म्हणून डाव्या हाताने तीच तीच आवर्तनं घुमवत ठेवली, म्हणजे एका सुरात जे नाही ते फिरून फिरून भरून काढायचं. पहिल्या भागात तर जवळजवळ बारा मिनिटं तो दोनच कॉर्डांवर झुलत राहतो. जाणकार जाझवाल्यांना हे फार धाडसाचं वाटतं. मला ते काही तितकंसं कळलं नाही. बारा मिनिटं एका जागी? आमच्याकडे तेवढ्या वेळात बुवांचा षड्ज लागतो, तंबोरा पुन्हा जुळतो, तबलजी हातोडी शोधतो आणि एखादा मुलगा पाण्याचा तांब्या आणून ठेवतो. माझ्या मते ही रेकॉर्ड आपल्या लोकांना पहिल्या फटक्यात आवडते ती यामुळेच. डावा हात लेहरा धरतो, उजवा फिरायला जातो आणि समेवर घरी येतो. अर्थात त्याला सम नाही, ती आपण लावून घेतो. पण माझ्या शेजारचे तबलावाले काका, ज्यांना पियानो म्हणजे हॉटेलातलं लाकडी सामान वाटतं, ते हा भाग ऐकताना मांडीवर ताल धरतात आणि शेवटी “हं, तयारी आहे” म्हणतात. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक त्यांनी आजवर कोणाला दिलेलं नाही.

आता माझ्या कॅसेटबद्दल सांगायला हवं, कारण मी ज्या कॉन्सर्टच्या प्रेमात पडलो तो कोलनमध्ये झालेला कॉन्सर्ट नव्हे.

कोलनमध्ये ध्वनिमुद्रण केलं मार्टिन वीलांट यांनी. न्यूमनचे दोन मायक्रोफोन आणि टेलिफुंकनचं टेपयंत्र. गिरगावात माझ्या मित्राने जे केलं त्याची सामग्री म्हणजे एक स्टूल आणि पॅनासॉनिकचा टेपरेकॉर्डर. त्याचा मामा बोटीवर होता, त्याने परदेशातून तबकड्या आणल्या होत्या. एका यंत्रातून दुसऱ्यात नेणारी वायर घरात नव्हती. म्हणून मित्राने रेकॉर्डप्लेअरच्या स्पीकरसमोर स्टूल मांडलं, त्यावर टेपरेकॉर्डर ठेवला, दोन्ही बटणं एकदम दाबली आणि घरातल्यांना तंबी दिली: कोणी बोलायचं नाही. चाळीतल्या दोन खोल्या. संध्याकाळची वेळ. त्याच्या आईला, माईंना, ही तंबी पोचली होती. कुकरला पोचली नव्हती.

बाराव्या मिनिटाला पहिली शिट्टी होते. जॅरेट त्या वेळी अगदी हळू वाजवत असतो. मग दुसरी. दुसरी विरते न विरते तोच माईंचा आवाज, दबका, पण स्पष्ट: “गॅस बारीक कर रे.” मग पावलं. मग तिसरी शिट्टी, अर्ध्यावर तुटलेली. आणि हे मी शपथेवर सांगतो, त्या तुटलेल्या शिट्टीला जॅरेट आतून कण्हून दाद देतो.

मी सतरा वर्षं ही कॅसेट ऐकली. शिट्ट्यांसकट पाठ होती. दुसरी शिट्टी थोडी लांबते, तिच्या शेपटाला पियानोचा एक सूर बरोबर चिकटतो. मला तो भाग सगळ्यांत आवडायचा. घंटेवरून सुरुवात करणारा माणूस कुकरवर पुढे गेला, यात मला काहीच गैर दिसेना.

शिवाय कॅसेट साठ मिनिटांची. मूळ कॉन्सर्ट सहासष्ट मिनिटांचा. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला ही वजाबाकी सतरा वर्षं करावीशी वाटली नाही, हे नमूद करायला हवं. पहिली बाजू दुसऱ्या भागात चार मिनिटं घुसून तुटायची. मग बाजू बदला. दुसऱ्या बाजूच्या शेवटी एक गोड चाल सुरू व्हायची, मिनिटभर चालायची आणि खट्ट. संपलं. मी त्या ‘खट्ट’वर मित्रांना व्याख्यानं दिली आहेत. “कलावंताला कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे. बघ, चाल सुरू करतो आणि वाऱ्यावर सोडून देतो.” दोघा-तिघांना हे पटलंही होतं.

2001 साली पगारवाढीच्या आनंदात मी सीडी घेतली. बारावं मिनिट आलं. मी तयार होऊन बसलो. काहीच झालं नाही. नुसता पियानो. स्वच्छ, नितळ, कोणाच्याही घरात भात नाही. मला फसवल्यासारखं झालं. एखाद्या ओळखीच्या माणसाने मिशी काढून यावं, तसं. पण शेवटी ती गोड चाल आली, मिनिट झालं, मी खट्टची वाट बघत होतो, आणि जॅरेट थांबलाच नाही. पुढे सहा मिनिटं वाजवत राहिला. कार्यक्रमानंतरचा तो आग्रहाचा तुकडा, सगळ्या कॉन्सर्टमधला बहुधा सगळ्यांत लाघवी, मला सतरा वर्षांच्या व्याजासकट एकरकमी मिळाला. त्या दोघा-तिघांना मी अजून कळवलेलं नाही.

माझ्या कॅसेटबद्दल जॅरेटला कळतं तर काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही. हा माणूस श्रोत्यांच्या खोकल्याने वाजवणं थांबवणारा. थंडीच्या दिवसांत त्याच्या कार्यक्रमाला येणाऱ्यांना खोकल्याच्या गोळ्या वाटायची पद्धत होती. कधी तर तो थांबून सगळ्यांना म्हणायचा, चला, एकदाच काय ते खोकून घ्या. सगळं सभागृह एका सुरात खोकायचं, आणि मग पुढचं वाजवणं. 2007 साली इटलीत पेरूजाच्या महोत्सवात फोटो काढणाऱ्यांवर तो स्टेजवरून इतका भडकला की आयोजकांना घाम फुटला.

तो आपल्या सवाई गंधर्वला आला असता तर? समोर हजारो माणसं, त्यातली काही आडवी, एक घोरतोय, एक भेळ खातोय, एक मोठ्याने “वा” म्हणतोय आणि एक त्याला “शू” करतोय, ते ‘वा’पेक्षा मोठं. आपल्याकडे न खोकणारा श्रोता म्हणजे झोपलेला श्रोता. आपल्या गवयांना समोरून आवाज आला नाही तर गाणं सुचत नाही, याला टाचणी पडली तरी सुचायचं बंद होतं. आणि मौज अशी की सबंध सभागृहाला चिडीचूप बसवून हा स्वतः मात्र कण्हतो, हुंकारतो, पाय आपटतो, अर्धा उभा राहून पियानोशी झोंबतो. खोकायचा हक्क फक्त खुर्चीला.

भक्तांत मात्र या कण्हण्यावरून पंथ आहेत. काहींना ते नको असतं. ते म्हणतात, वाजवणं देवाचं, घसा माणसाचा. माझा मित्र दुसऱ्या टोकाचा. त्याच्या मते कण्हणं हा तंबोरा आहे. तिसरा एक पंथ मिनिटं मोजणारांचा. त्यांच्याबरोबर ही रेकॉर्ड ऐकणं म्हणजे रेल्वेत खिडकीशी बसलेल्या माणसाबरोबर घाट चढणं. “आता बघ... आता... आता बोगदा... हं, आला!” आणि त्यांच्या बोलण्यात बोगदा निघून जातो.

आणि मग असतात ते, ज्यांना ती आवडायची बंद झाली आहे. यांच्यापासून सांभाळून राहावं. तुम्ही कोलनचं नाव काढलंत की ते खांद्यावर हात ठेवतात. “सुरुवातीला ठीक आहे. पण खरं ऐकायचं तर 1973 चं ब्रेमेन आणि लोझान. आणि वेळ असेल तर जपानचे सन बेअर कॉन्सर्ट.” वेळ असेल तर! सन बेअर म्हणजे 1976 साली जपानातल्या पाच शहरांत वाजवलेलं, दहा तबकड्यांची पेटी. त्यांना कोलनचा राग एवढ्याचसाठी की ती सगळ्यांना आवडते. एखाद्या गल्लीतल्या खाणावळीचं नाव पेपरात छापून आलं की तिथल्या जुन्या गिऱ्हाइकाला मिसळ एकदम पांचट लागायला लागते, ना, तसं.

यात गंमत म्हणजे या नाराज पंथाचा मूळ पुरुष खुद्द जॅरेट. त्या रेकॉर्डवर लोकांचं इतकं प्रेम बसलेलं त्याला पुढे सोसवेना. ती कागदावर उतरवून छापायला तो कित्येक वर्षं तयार नव्हता. जे एकदा सुचलं आणि हवेत गेलं ते पुन्हा कशाला, असं त्याचं म्हणणं. अखेर 1991 मध्ये नोटेशनचं पुस्तक निघालं, तेही या अटीवर की शंका आली तर रेकॉर्डचं खरं मानायचं, पुस्तकाचं नाही. आता जगभर शहाण्या मुली ते पुस्तक समोर ठेवून, चांगल्या जुळवलेल्या पियानोवर, पाठ सरळ ठेवून, वेळेवर जेवून, बिनचूक वाजवतात.

माझ्या नोकरीची शेवटची काही वर्षं उरली होती तेव्हा हे आख्यान आमच्या कचेरीपर्यंत येऊन पोचलं. टिम हार्फर्ड नावाच्या इंग्रज लेखकाने 2016 साली आपल्या पुस्तकाची सुरुवातच या पियानोने केली, आणि तिथून ते व्यवस्थापनाच्या शिबिरांत शिरलं. आम्हाला एका हॉटेलात नेऊन बसवलं. तरुण प्रशिक्षक, कॉलरला माइक, पडद्यावर पियानोचं चित्र. तो म्हणाला, “सर, आज मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे. 1975, जर्मनी.” मी खुर्चीत सावरून बसलो. गोष्ट त्याने बरी सांगितली. पाऊस होता, मुलगी होती, पट्ट्या अडकत होत्या. शेवटी त्याने आम्हा सगळ्यांना विचारलं, “तर तुमचा मोडका पियानो कुठला?” समोसे आले. रेकॉर्ड वाजलीच नाही. मी जाऊन विचारलं, “तुम्हाला त्यातला कुठला भाग आवडतो?” तो म्हणाला, “सर, स्लाइड नंबर नऊ.”

हे इथवर ठीक होतं. पण आमच्या शाखेतला पासबुक छापायचा प्रिंटर तेव्हा दीड वर्ष आजारी होता. ओळीवर ओळ छापायचा. लोकांची शिल्लक वाचायला ज्योतिषी लागायचा. नव्या प्रिंटरसाठी मी सातवं पत्र लिहिलं, तर वरून फोन आला. साहेब त्याच शिबिरातून आलेले. म्हणाले, “अहो, जॅरेटचं ऐकलंत ना? आहे त्या पियानोवर वाजवा.” इतकी वर्षं ज्या रेकॉर्डवर मी जीव टाकला ती अशी माझ्यावरच उलटेल, असं वाटलं नव्हतं. त्या दुपारी प्रिंटर कुरकुरायला लागला की मी मनापासून कण्हत होतो.

2025 मध्ये त्या रात्रीवर सिनेमाही आला, ‘कोलन 75’. व्हेराची गोष्ट. त्यात सगळं आहे, फक्त त्या कॉन्सर्टचं संगीत नाही, कारण ते वापरायला मिळालं नाही. पंढरपूरवर सिनेमा काढावा आणि विठोबाने तारखा देऊ नयेत, असं झालं. भक्तांनी तोही बघितला. आख्यान ऐकायला बुवा लागतो, विठोबा कुठे लागतो!

जॅरेट आता वाजवत नाही. 2018 मध्ये त्याला अर्धांगाचे दोन झटके आले. डावा हात गेला. तोच हात, ज्याने त्या रात्री पोकळ खर्ज फिरवून फिरवून भरून काढला होता. ही बातमी मी बायकोला सांगितली तेव्हा ती पाठीबद्दल काही बोलली नाही. उठून चहा टाकला.

माझी भाची ड्युसेलडॉर्फला नोकरीला आहे. तिथून कोलन म्हणजे ठाण्याहून व्हीटीला जावं तेवढ्याच अंतरावर. कॉन्सर्टला पन्नास वर्षं पुरी झाली तेव्हा मी तिला गळ घातली, की बाई गं, त्या ऑपेरा हाउसपुढे एकदा उभी राहून ये. ती गेली बिचारी, हिवाळ्यात. आणि मला तिथून फोन केला, “मामा, बंद आहे हो.” चौकशीअंती कळलं की इमारत 2012 मध्ये दुरुस्तीला काढली, 2015 मध्ये उघडणार होती, आणि तेव्हाही उघडायचीच होती. खर्च दरवर्षी वाढत होता. जर्मनांबद्दल मला इतकी माया कधीच वाटली नव्हती. मी म्हटलं, “असू दे, बाहेरूनच व्हिडिओ काढ.” तिने चाळीस सेकंदांचा पाठवला. पत्रे, परांची, एक पिवळी क्रेन, आणि सबंध चाळीस सेकंद ड्रिलचा आवाज.

तो मी मित्राला पुढे धाडला. तो आता गिरगावात नाही, डोंबिवलीला असतो. माई आदल्या वर्षी गेल्या, पंच्याऐंशीच्या होऊन. त्याने व्हिडिओ बघितला आणि रात्री फोन केला. “आवाज चांगला आलाय,” म्हणाला. मग थोडा वेळ काही नाही. मग, “तुझ्याकडे ती कॅसेट आहे का रे अजून?”

होती. माळ्यावरच्या डब्यात, फीत एका कडेला चिकटलेली. पेन्सिल घालून फिरवून मोकळी केली. वाजवायला यंत्र मात्र घरात नव्हतं. ते शेवटी सोसायटीच्या वॉचमनकडे निघालं, त्याच्या गावाकडची भजनं वाजवणारं. रविवारी मित्र आला. स्टूल मांडलं. घंटेचे पाच सूर वाजले, थोडे लडबडत. कोणीतरी हसलं. आम्ही दोघं गप्प बसलो होतो. इतका शहाणा श्रोता जॅरेटलाही कधी मिळाला नसेल. बारावं मिनिट. पहिली शिट्टी. दुसरी. “गॅस बारीक कर रे.”

मित्राने हात पुढे करून बटण दाबलं, थोडी मागे नेली, परत लावली. शिट्टी, शिट्टी, “गॅस बारीक कर रे.” पुन्हा मागे. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. पुन्हा. संध्याकाळी दिवे लागेपर्यंत हेच चाललं होतं. जॅरेटला त्या दिवशी आम्ही तेरावं मिनिट बघूच दिलं नाही.